पप्पांच्या उजव्या बाजूला

आजी-आबांच्या शेतावर जाताना कामरेजच्या एसटीत आई मला जेवढं पढवायची, तेवढं शाळेत कुणी पढवलं नाही. "पप्पांच्या उजव्या बाजूला बसायचं. जेवताना, खाटेवर, कुठंही. आजी पाठमोरी काही बोलली की तूच उत्तर द्यायचं. आबांनी लांबून हाक मारली की तू धावायचं आणि पप्पांचा हात धरून घेऊन यायचं, लाडात आल्यासारखं. कळलं?" मी सातवीत होते. माझं लाडात यायचं वय उलटून गेलं होतं आणि ते आबांनाही दिसत असणार, पण आईपुढे बोलायची सोय नव्हती.

पप्पा आमच्या पुढच्याच बाकावर बसलेले असायचे. आई त्यांच्याबद्दल एवढं सगळं बोलायची आणि ते खिडकीबाहेरचा ऊस बघत असायचे. खरं तर तिला आवाज खाली आणायची गरज नव्हती, तरी ती आणायची.

पप्पांना ऐकू येत नव्हतं. डावा कान जवळजवळ गेलेला आणि उजव्यात थोडंफार उरलेलं. आम्ही सुरतेत लिंबायतला राहायचो आणि पप्पा तिथल्याच एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, चौदा वर्षं होते. पत्र्याखाली पन्नास-साठ लूम एकदम सुरू असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून खात्यात सगळे हातांनी बोलत. अंगठा ओठांना लावला की पाणी. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की मुकादम येतोय, मग त्या मुकादमाला मिशी नसली तरी चालायचं. आणि समोरच्याचं सांगणं समजलं की मूठ वळून छातीला लावायची. मी रोज दुपारी पप्पांचा डबा घेऊन जायचे, त्यामुळे ही भाषा मला मराठी आणि गुजरातीइतकीच येत होती. पुढे पप्पांचे कान गेले तेव्हा आमच्या घरात काही फारसं बदललं नाही. आम्ही खात्यातली भाषा खोलीत आणली, एवढंच. आईचे ओठ तर पप्पा वर्तमानपत्रासारखे वाचायचे.

अडचण फक्त शेतावर यायची. तिथं आबा होते आणि आबांसमोर आई डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. आमच्या खानदेशातल्या घरांत सासऱ्यासमोर सून अशीच वावरते आणि आमचं घर सुरतेकडे येऊन वीस वर्षं झाली तरी ते सुटलं नव्हतं. पदराआड तिचे ओठ दिसत नसत, सासऱ्यासमोर तिला बोलताही येत नसे. म्हणून दीड दिवस पप्पांचे कान व्हायची जबाबदारी माझ्यावर पडायची.

शेत म्हणायला आबांचं, पण जमीन एका पटेलांची होती. ते अमेरिकेत होते आणि आबा-आजी ती जमीन भागानं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करत होते. विहिरीजवळ त्यांची एक खोली आणि पुढे पडवी होती. पप्पाही लग्नाआधी तिथंच राबायचे. मग एक दिवस त्यांनी लूमवर जायचं ठरवलं. आबांनी खूप समजावलं, मग चिडले, आणि शेवटी भाकरीवर हात ठेवून म्हणाले की आता मी माझ्या तोंडानं तुला कधीच परत बोलावणार नाही. आबांनी ते चौदा वर्षं पाळलं होतं. आम्ही जायचो, ते आनंदानं सगळं करायचे, पिशव्या भरून पापडी, म्हणजे वालाच्या शेंगा, द्यायचे, पण "राहा" असा शब्द त्यांनी कधी काढला नाही.

आईची भीती नेमकी ती होती. ती मला म्हणायची, "त्यांना हे कळलं तर ते शपथ मोडतील. आणि त्यांनी एकदा बोलावलं की तुझे पप्पा मागे वळून बघायचे नाहीत. ते नुसते वाट बघतायत." शेतावर राहायचं म्हणजे माझी मराठी शाळा संपली. कामरेजच्या बाजूला होत्या त्या सगळ्या गुजराती शाळा. सातवीतून एकदम तिकडे जाऊन मी काय लिहिणार होते? माझ्या ओळखीतल्या दोन मुली अशाच गावाकडे गेल्या होत्या आणि घरी बसल्या होत्या. आईला मला मास्तरीण करायचं होतं. "तुझी दहावी होईपर्यंत कळू द्यायचं नाही," ती म्हणायची. मला तर मास्तरीण व्हायचंच होतं, आईपेक्षा जास्त. त्यामुळे आम्ही दोघी सारख्याच लबाड होतो.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी, माझी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. बसमधून उतरून शेतापर्यंत पाऊण तास चालावं लागायचं. वाट अर्धी झाली की आई पदर ओढून घ्यायची आणि मी पप्पांच्या उजव्या बाजूला जायचे.

पहिली फजिती चहालाच झाली. आजी चुलीशी पाठमोरी बसून सांगत होती की शेजारच्या वाडीवरची म्हातारी परवा वारली, फार हाल झाले बिचारीचे. पप्पा माझ्याकडे न बघता कपाकडे बघत होते. आजीचा आवाज थांबला एवढं त्यांना कळलं असावं. ते हसून म्हणाले, "बेस झालं." आजी वळली. मी घाईघाईनं म्हणाले, "सुटली म्हणून बेस झालं, असं म्हणतायत, आजी. हाल फार होत होते ना." आजीनं थोडा वेळ पप्पांकडे बघितलं आणि मग तिलाही ते पटलं. पदराआडून आईनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. पप्पांना या सगळ्याचा पत्ता नव्हता. ते चहा फुंकत होते.

रात्रीच्या जेवणाला मी उजव्या बाजूला बसले. भाकरी हवी का, भात घालू का, सगळ्यांची उत्तरं मी दिली. आबा म्हणाले, "हाई पोरगी बापले बोलूच देत नही." ते थट्टेनंच म्हणाले, म्हणून मीही हसून घेतलं. पप्पांनी माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी विनोद झाला असावा असं ताडलं आणि ते मोठ्यानं हसले. मला त्यांचा त्या वेळी राग आला. माणसानं आपलं बहिरेपण जरा तरी जबाबदारीनं वागवावं, असं मला वाटलं. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं ते हेच.

रविवारी सकाळी कालव्याचं पाणी आलं. त्या भागात पाण्याला पाळी असते, आपली पाळी आली की सगळं टाकून शेतात उतरावं लागतं. पापडीच्या तुकड्याला पाणी द्यायचं होतं. पाणी द्यायची रीत अशी की एक जण वरच्या अंगाला पाटाशी फावडं घेऊन उभा राहतो आणि एक खालच्या टोकाला. सरी टोकापर्यंत भरली की खालचा ओरडतो, मग वरचा त्या सरीचं तोंड मातीनं बंद करून दुसरीचं उघडतो. वेळेवर बंद केलं नाही तर बांध फुटतो आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात जातं. एरवी आजी खाली उभी राहायची. त्या दिवशी पप्पांनीच हौसेनं फावडं उचललं आणि आबा म्हणाले, "चाल, मी खाले उभा राहस."

आईनं पडवीतून माझ्याकडे बघितलं. पदराआड तिचा चेहरा दिसत नव्हता, पण सांगायची गरज नव्हती. आबा खालून ओरडणार आणि पप्पांना त्यातलं काही ऐकू जाणार नाही. मी आजीला म्हणाले, मीही जाते, आणि तुकड्याच्या मधल्या बांधावर जाऊन उभी राहिले. तिथून पप्पांना मी दिसत होते आणि आबा माझ्या पाठीमागे होते.

पहिली सरी भरली. आबा ओरडले, "भराई गयं!" मी छातीशी हात धरून, पाठीमागून दिसणार नाही असा, पंजा आडवा फिरवला. खात्यात याचा अर्थ लूम थांबव. पप्पांनी मूठ छातीला लावली आणि फावडं मारलं. दुसरी सरी. तिसरी. मला घाम फुटला होता, पण सगळं घड्याळासारखं चाललं होतं. पप्पांची माती टाकायची लय सुरेख होती. एका फावड्यात तोंड बंद, दुसऱ्यात पुढचं उघडं. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय चिखलात. त्यांना इतकं खुशीत मी खात्यात कधी पाहिलं नव्हतं. ते दिसत होतं आणि मला ते बघायचं नव्हतं.

सात-आठ सऱ्या झाल्यावर माझी भीती गेली. भीती गेली तिथंच चूक झाली. आबा खालून चालत माझ्यापाशी आले आणि कपाळाचा घाम पुसत साध्या आवाजात म्हणाले, "त्याले सांग, पानी पी ले आते." पप्पा आमच्यापासून वीसेक पावलांवर होते आणि माझ्याकडेच बघत होते. मी हात उंच करून अंगठा ओठांना लावला. पप्पांनी एक बोट दाखवलं, एवढी एक सरी होऊ दे. मी मूठ छातीला लावली.

मग माझ्या लक्षात आलं की आजूबाजूला कसलाही आवाज नाही. ना लूम, ना इंजिन. पापडीच्या फुलांवरच्या माशांची गुणगुण ऐकू येत होती. अशा शांततेत वीस पावलांवरच्या बापाला कुठलीही पोर "पप्पा, पाणी प्या" अशी हाक मारते. मी हात केले होते आणि पप्पांनीही हातानंच उत्तर दिलं होतं.

आबा माझ्या हाताकडे बघत होते. "पोरी, हाई काय करी राहिनी तू?"

"खात्यातली सवय आहे, आबा," मी म्हणाले.

ते बांधावरून चालत गेले, पाट ओलांडला आणि पप्पांच्या पाठीमागे चार हातांवर जाऊन उभे राहिले. पप्पा वाकून माती ओढत होते. आबांनी त्यांना हाक मारली. फार मोठ्यानं नाही, ताटावर बोलावतात तशी. पप्पा माती ओढत राहिले. आबांनी दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. मी बांधावरून बघत होते. मला पप्पांना खूण करता आली असती, पण ते खाली बघत होते.

आबा तसेच परत आले. "कितला दिन व्हयनात?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, दोन वर्षं. त्यांनी मान हलवली आणि खालच्या टोकाला गेले. उरलेल्या सऱ्यांना ते ओरडले नाहीत. सरी भरली की माझ्याकडे बघून नुसता हात वर करत, आणि मी तो हात पप्पांना देत होते.

दुपारचं जेवण कसं झालं ते मला सांगता येणार नाही. आबा आता बोलतील, आता बोलतील, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते भाकरी मोडत राहिले. आजीनं वांग्याचं भरीत केलं होतं. पप्पांनी दोनदा मागून घेतलं. आईनं पदराआडून मान हलवून मला विचारलं, सगळं ठीक ना? मी मान डोलावली. तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. माझ्याच हातानं घडलं होतं ना सगळं.

जेवणानंतर पप्पा खाटेवर झोपले आणि आबांनी मला पापडी तोडायला नेलं. टोपली अर्धी होईपर्यंत ते नुसत्या शेंगा तोडत होते. मग म्हणाले, तुमच्या खात्यात पाणी कसं सांगतात? मी अंगठा ओठांना लावला. त्यांनीही लावला. जेवायला चल कसं सांगतात, थांब कसं सांगतात, समजलं कसं सांगतात, एकेक विचारत गेले. मातीनं भेगाळलेल्या त्यांच्या जाड बोटांना ते पटकन जमत नव्हतं. मूठ छातीला लावताना ते प्रत्येक वेळी जोरात आपटायचे. मी दोनदा त्यांची मूठ धरून बरोबर जागी ठेवली. तेवढ्यापुरती मी भीती विसरले आणि मास्तरीण झाले.

आबांनी टोपली खाली ठेवली. "आनि घर ये, हाई कसं सांगतस?"

ती खूण मला सगळ्यांत चांगली येत होती. मनगटावर दोन बोटं टेकवायची, मग दोन्ही तळवे कपाळापाशी छपरासारखे जोडायचे. पाळी संपली, घरी चल. पप्पा कधी जादा पाळीला थांबले की आई मला खात्यावर पाठवायची आणि मी दारातून हीच खूण करायचे. कित्येकदा केली होती.

आबा माझ्याकडे बघत उभे होते. त्यांनी तोंडानं बोलावणार नाही अशी शपथ घेतली होती. हातांनी बोलावणार नाही असं ते म्हणाले नव्हते. सातवीतल्या मुलीला एवढं कळतं.

"ती खूण नाहीये, आबा," मी म्हणाले.

"नही?"

"खात्यात ती कशाला लागेल? तिथं नुसतं कामाचं बोलतात."

त्यांनी माझं बोलणं खरं मानलं. खूण शिकवणारी मीच होते, मग का मानणार नाहीत? त्यांनी टोपली उचलली आणि आम्ही परत आलो.

एरवी आबा आम्हाला शेताच्या बांधावरूनच निरोप द्यायचे. त्या दिवशी ते रस्त्यापर्यंत आले, पापडीची पिशवी स्वतः उचलून. एसटी आली. पप्पांना खिडकी मिळाली, मी त्यांच्या उजवीकडे बसले, आई मागे. बस सुटायला आली तसे आबा खिडकीसमोर आले. त्यांनी आधी पप्पांकडे बोट दाखवलं. मग दोन्ही हात पुढे करून स्वतःकडे ओढले. मग खाली वाकून रस्त्याच्या कडेची माती थोपटली, पोराला जवळ झोपवताना अंथरूण थोपटतात तशी. ती खूण त्यांनी स्वतःच तयार केली होती. वाटेत चालताना विचार करून केली असणार. बसमधले दोघे-तिघे हसले.

पप्पा माझ्याकडे वळले. "काय म्हनतस आबा?"

पप्पांना ती खूण कळली नव्हती, कारण ती कुठल्याच खात्यातली नव्हती. आबा मातीवर हात ठेवून वर बघत होते.

"सांभाळून जा म्हणतायत," मी म्हणाले.

पप्पा हसले. खिडकीतून पूर्ण दिसेल असं अंग पुढे करून त्यांनी मूठ वळली आणि छातीला लावली. समजलं. दुपारीच शिकलेली ती खूण आबांना ओळखता आली. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी मान फिरवली. बस सुटली.

मी आईला घरी गेल्यावरही काही सांगितलं नाही. पुढचे दोन महिने दर शनिवारी काही ना काही कारण काढून मी जाणं टाळलं. कधी चाचणी परीक्षा, कधी पोटात दुखणं. शेवटी होळीच्या आधी आम्ही गेलो, तेव्हा विहिरीजवळच्या खोलीला लागून दुसरी खोली उभी होती. विटांच्या भिंती, वर नवीन पत्रे, आतून चुना दिलेला. आजी म्हणाली, तुझ्या आबांनी एकट्यानं बांधली, कुणासाठी म्हणून विचारलं तर सांगत नाहीत. खोलीला रस्त्याच्या बाजूनं खिडकी होती. खिडकीखाली भिंतीत एक फळी ठोकली होती, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, आणि तिच्यासमोर एक बुटकं स्टूल. तिथं बसून लिहिता यावं, अशी ती फळी होती. आबांनी माझ्या अभ्यासाचाही विचार केला होता. मी तेवढ्याच एका गोष्टीसाठी खोटं बोलले होते.

पप्पा मागून आत आले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, पत्र्याकडे बघितलं, खूश झाले. मग मला हातानं विचारलं, ही कुणासाठी? आबा दारात उभे होते. त्यांना आता खुणा कळत होत्या. ते माझ्या हातांकडे बघत होते, आणि मी काय सांगते याची वाट बघत होते.

माझी दहावी अजून तीन वर्षं लांब होती. मी दोन्ही हातांनी पोत्याचा आकार केला आणि पाठीवर घेतल्यासारखं दाखवलं. पोती ठेवायला.

पप्पांनी मूठ छातीला लावली आणि बाहेर गेले. संध्याकाळी आम्ही निघायच्या आधी आबांनी पडवीतली खताची दोन पोती एकेक करून पाठीवर आणली आणि त्या खोलीत, खिडकीखाली ठेवली.